सुगराबीची दोरी

आमच्या शैलाला कुणी विचारलं, तुझं लहानपण कुठं गेलं, तर ती सरळ सांगते, "स्टेशनवर." समोरच्याचं तोंड मग बघण्यासारखं होतं. काहींना वाटतं, पोरगी टाकून दिलेली होती की काय. मी शेजारी असले तर घाईघाईनं खुलासा करते, की बाई, आईबाप होते, घर होतं, पदमपुऱ्यात चांगल्या दोन खोल्या होत्या. पण खोटं तरी कसं म्हणू? दिवसाउजेडी माझी लेक औरंगाबाद स्टेशनच्या जनाना वेटिंग रूममध्येच वाढली, आणि तिला वाढवलं सुगराबीनं.

तेव्हा आपली लाईन छोटी होती, मीटरगेज. सकाळची पॅसेंजर जालन्याकडं निघायची तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची. कारकून, मास्तर, तलाठी, कोर्टातले पट्टेवाले, दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या. त्यात आम्ही मूठभर बायका. पोलीस ॲक्शननंतर इकडं शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, आणि शिकलेल्या बायका मिळेनात, म्हणून मॅट्रिक झालेल्या पोरींना हाका मारमारून नोकऱ्या दिल्या. दिल्या खऱ्या, पण पोस्टिंग कुठं? कुणी करमाडला, कुणी लासूरला, मी जालन्याच्या शाळेत. रोजचं अपडाऊन. नोकरी देणाऱ्यानं आमच्या पदराला पोर असेल याचा विचार केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही केला नव्हता.

सुगराबी जनाना वेटिंग रूमची आया. निजामाच्या राज्यात पडदानशीन बायकांसाठी बांधलेली ती खोली. उंच छत, जाड भिंती, भल्यामोठ्या सागवानी टेबलाभोवती बाकं आणि दारात बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा. तिचा नवरा रेल्वेत फायरमन होता. तो लवकर गेला आणि तिला ही जागा मिळाली. ठेंगणी, काळीसावळी, अंगानं भरलेली. पांढरं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडात पान. चालायची हल्लू हल्लू, पण हमाल तिला बघून बिडी विझवायचे. खोलीत पुरुषाचा पाय पडायला आला की पडद्याआडून अशी खाकरायची, की भलाभला माणूस चौकटीवरच थबकायचा. एकदा एका फौजदाराला तिनं बाहेर उभं करून त्याच्या बायकोकडून सामान आत मागवलं होतं. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा.

आणि एक गंमत. सगळा जन्म स्टेशनात काढलेली ही बाई कधी गाडीत बसली नव्हती. खुलताबादहून नवरी होऊन आली ती टांग्यात. त्यानंतर कुठं जायचं कारण पडलं नाही. "सारी दुनिया इधरच आती, मै कायकू जाऊं?" असं म्हणायची. जायचं होतं तिला एकाच ठिकाणी, ते पुढं सांगते.

सुरुवात कशी झाली, तर लासूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंपासून. त्यांचं पोर सांभाळायला त्यांची नणंद स्टेशनवर येऊन पोराला घरी न्यायची. एक दिवस नणंद आलीच नाही. गाडी फलाटाला लागलेली, गार्डनं शिट्टी दिलेली, आणि नर्सबाई पोर कवटाळून रडकुंडीला आलेल्या. सुगराबी पडद्यातून बाहेर आली, पोर सरळ काढून घेतलं आणि एवढंच विचारलं, की शाम कू आते ना? नर्सबाईंनी मान हलवली. "तो जाव," म्हणाली. बस. एवढीच भरती आणि एवढाच अर्ज. दुसऱ्या दिवशी नणंद आली तर नर्सबाईंनीच तिला परत पाठवलं.

मग एकीचं दुसरीला कळलं. करमाडच्या मास्तरीणबाई आल्या, बदनापूरच्या ग्रामसेविका आल्या, आणखी एक मास्तरीण आली. शैला तीन महिन्यांची झाली आणि माझी नोकरी सुरू झाली, तेव्हा मीही गेले. पैशाचं विचारलं तर ती अशी काही बघायला लागली की मी पर्स मिटली. पैसे नक्को, म्हणाली, एक पुरानी साडी ला, नरम धुली हुई. प्रत्येक आईनं एक जुनं नऊवारी द्यायचं, हीच फी.

त्या साड्यांचं तिनं काय केलं होतं, ते पहिल्यांदा बघितलं आणि मी दारातच उभी राहिले. विजेचे पंखे येण्याआधी त्या खोलीत कापडाचा मोठा पंखा होता, छताला टांगलेला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून, कप्पीवरून बाहेर व्हरांड्यात यायची आणि बाहेर बसलेला माणूस ती ओढायचा. पंखा गेला, पण लोखंडी आकडे, कप्पी आणि दोरी जागच्या जागी राहिली. सुगराबीनं दगडू हमालाला शिडीवर चढवून त्या आकड्यांना आमच्या साड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या, एका ओळीत. सगळ्या झोळ्या त्या एका दोरीला जोडल्या होत्या. स्वतः बाहेर व्हरांड्यात बसायची, म्हणजे पडद्यावरही नजर आणि फलाटावरही. पायाच्या अंगठ्याला दोरी, हातानं सुपारी कातरणं चालू. अंगठा हलला की आत पाचही पोरं एकदम झुलायची. इतक्या उंचावरून टांगलेल्या झोळीचा झोका लांब आणि सावकाश असतो. बाहेर इंजिन शिट्ट्या मारतंय, हमाल भांडताहेत, आणि आत पोरं गाढ झोपलेली. मी पुष्कळ बालवाड्या बघितल्या पुढं, काहींची उद्घाटनंही केली. तसली बालवाडी दुसरी बघितली नाही.

हे कुठं शिकलीस, म्हणून विचारलं होतं तिला. ती म्हणाली, आमच्या थोरल्या बहिणीचं आहे हे. सुगराबी जन्मली आणि आई गेली. थोरली तेव्हा दहाबारा वर्षांची असेल. ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून सुगराला झोका द्यायची. त्या बहिणीचं लग्न झालं, संसार झाला, आणि पोलीस ॲक्शननंतर ती नवऱ्याबरोबर कराचीला गेली. जायच्या दिवशी याच स्टेशनातून गेली. सुगराबीला तिच्याकडं कराचीला एकदा जायचं होतं. त्यासाठी ती वर्षानुवर्षं रजा साठवत होती. ईदलासुद्धा रजा घ्यायची नाही. पासपोर्ट काढून पेटीत ठेवलेला होता, बहिणीसाठी हिमरूची शाल घेऊन ठेवलेली होती, जांभळी, सोनेरी बुट्ट्यांची. ती शाल आम्हाला सणासुदीला उघडून दाखवायची, पण हात लावू द्यायची नाही. पुढच्या उन्हाळ्यात जायचं, असं तिचं ठरलेलं होतं. गाडीत पहिल्यांदा बसणार म्हणून भ्यायचीही.

पोरांना ती त्यांच्या नावानं ओळखत नसे. आई ज्या गावाला नोकरीला जाते ते पोराचं नाव. नर्सबाईंचा मुलगा लासूर, मास्तरीणबाईंची मुलगी करमाड, आमची शैला म्हणजे जालना. संध्याकाळी गाडीतून उतरून धावत जावं, तर ती दिवसाचा अहवाल द्यायची: लासूर कू दात आरा, बदनापूर दूध नै पी, और जालना तो बाई, दिनभर गाती. आम्हीही एकमेकींना तशाच हाका मारायला लागलो. शैलाचे बाबा एकदा चिडून म्हणाले, आपल्या मुलीला नाव ठेवलंय आपण, बारशाला पेढे वाटलेत. मी म्हटलं, जा, तुम्हीच सांगा सुगराबीला. गेले नाहीत.

या नावांनी एकदा भलताच घोळ झाला. नर्सबाईंची बदली लासूरहून करमाडला झाली. पहिल्याच संध्याकाळी सुगराबी मगरिबच्या नमाजाला बसलेली आणि पोरं द्यायला दगडू हमाल. थंडीचे दिवस, पोरं डोक्यापासून गुंडाळलेली, झोपलेली. नर्सबाई धावत आल्या, बाहेर टांगेवाला ओरडतोय. दगडूनं विचारलं, कुठून आलात? बाई म्हणाल्या, करमाडहून. दगडूनं करमाड दिली. मागून मास्तरीणबाई आल्या. उरलेलं गाठोडं त्यांना. नर्सबाईंनी घरी जाऊन गाठोडं सोडलं तर मुलाची मुलगी झालेली. इकडं मास्तरीणबाईंच्या सासूनं सोडलं तर नात गेली आणि नातू आला. सासू गेली दोन वर्षं नातवासाठी नवस बोलत होती. ती म्हणाली, देवानं दिलंय, आता परत कशाला करायलीस?

नर्सबाई पोरगी घेऊन स्टेशनवर परत आल्या, तशी सुगराबी करमाडला काखेत मारून पायी मास्तरीणबाईंच्या घरी गेली, बेगमपुऱ्यात. सासू उंबऱ्यात उभी. सुगराबी भांडली नाही, काही नाही. मास्तरीणबाई सांगायच्या, की तिनं उंबऱ्यावर बूड टेकलं, पाणी मागून प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "अम्मा, जिस गाडी का पार्सल, उसीच गाडी में जाता." मग करमाडला सासूच्या मांडीवर ठेवलं. पोरगीनं आजीचं बोट घट्ट धरलं, तेव्हा कुठं लासूरची सुटका झाली. त्या दिवसापासून नियम झाला: बदली आईची होते, पोराची होत नाही. नर्सबाई करमाडला जात राहिल्या, त्यांचा मुलगा मात्र जन्मभर लासूरच राहिला.

आमच्या सासूबाईंचंही सांगायला पाहिजे. त्या अंबडला असायच्या, गुडघ्यांनी बेजार. रझाकारांच्या दिवसांत त्यांनी घरदार सोडून बुलढाण्याकडं पळ काढलेला, त्यांचा एक दीर त्या धामधुमीत मारला गेलेला. नात कुणाच्या हाती वाढतेय ते कळल्यावर त्या तडक आल्या. सकाळी आपला पाण्याचा तांब्या आणि दशम्या घेऊन माझ्याबरोबर स्टेशनवर आल्या आणि म्हणाल्या, तू जा, मी बसते इथं बाकावर. मी दिवसभर वर्गात काय शिकवलं देवाला माहीत.

संध्याकाळी परत येते तर सुगराबीची जागा रिकामी, आणि व्हरांड्यात दोरी ओढत आमच्या सासूबाई. झालं असं, की दुपारी नमाजाची वेळ झाली तशी सुगराबीनं त्यांच्या हातात दोरी दिली. "अम्मा, जरा पकडो. मै आतूं." नाही म्हणायला सवड दिलीच नाही. मग एकदा दिली ती दिली. मध्येच कुणाचं दूध तापवायला जा, कुणाचं लंगोट बदलायला जा. सासूबाई दिवसभर ओढत होत्या. त्या बाईनं मला राबवलं गं, म्हणाल्या. घरी आल्यावर पाय धुतले, देवाला दिवा लावला, आणि मग मला बोलावून म्हणाल्या, उद्या तिला विचार, गुडघ्याला ती कसलं तेल लावते. त्या पुढं जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा दुपारी स्टेशनवर जाऊन बसायच्या. एकीनं काय गमावलं आणि दुसरीनं काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यावर त्या बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. गुडघ्यांवर मात्र तासन्‌तास बोलायच्या.

आता त्या वर्षीचं सांगते.

थंडीत वरच्या साहेबांची तपासणी असायची. फलाटाच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवायचे, कुंड्या मांडायच्या, आणि त्या दिवसापुरती आमची पोरं दगडूच्या कंदिलाच्या खोलीत हलवायची, असा रिवाज. त्या वर्षी साहेब ट्रॉलीवरून सांगितल्या वेळेच्या आधीच येऊन उभे. व्हरांड्यात बघतात तर एक बाई पायानं पंख्याची दोरी ओढतेय. साहेबांनी विचारलं, वीज येऊन इतकी वर्षं झाली, इथं पंखा अजून ओढतात? आणि पडदा सारून आत गेले. आत कुणी बायका नव्हत्या, फक्त पाच झोळ्या.

साहेब ओरडले वगैरे नाहीत. दगडू सांगायचा, की ते एकेका झोळीत डोकावत गेले. मग त्यांनी वरचे आकडे बघितले, गंजलेले, निजामाच्या वेळचे. म्हणाले, यातला एक निसटला तर जबाबदार कोण? आया ड्यूटीवर असताना उद्यापासून इथं एकही पोर दिसता कामा नये. आता मी म्हातारी झाले, कबूल करायला हरकत नाही, की त्या माणसाचं काही चूक नव्हतं. पण त्या संध्याकाळी आमच्या पायाखालची जमीन सरकली. माझं नोकरीचं पहिलं वर्ष. कायम व्हायचं होतं, शाळेतल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं की मार्च-एप्रिलपर्यंत एक दिवस रजा मागायची नाही. पोर ठेवायला दुसरी जागा नाही, घरी म्हातारं माणूस नाही, सासूबाई तिकडं अंबडला. नोकरी सोडायची, एवढाच त्याचा अर्थ होता. करमाड, बदनापूर, सगळ्यांचं तेच.

स्टेशनमास्तर राव म्हणून तेलंगणाकडचे होते. आम्ही पाचही जणी त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिलो. ते आमच्याकडं न बघता सिग्नलकडं बघत बोलले, की हुकूम तो हुकूम. आया ड्यूटीवर असताना पोरं सांभाळणार नाही. मग थोडं थांबून म्हणाले, तिकीट काढलेली बाई आत गाडीची वाट बघत बसली, तर तिला मी उठवू शकत नाही. तिच्याबरोबर पोरं असतील तर ती मोजायचं काम माझं नाही. पण अशी बाई तुम्हाला मिळणार कुठं, जी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीची वाट बघेल?

सुगराबी दाराशी उभी होती. पान थुंकून आली आणि म्हणाली, रावसाब, मेरी छुट्टी कित्ती जमा है?

ती रजा कशाची ते फलाटावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. मी तिचा हात धरला. म्हटलं, सुगराबी, कराचीचं काय? तिकडं बहीण वाट बघायलीय.

ती माझ्याकडं बघून हसली, लहान पोराकडं बघून हसावं तशी. "कराची कां भाग जाती, बाई? समंदर के कनारे बैठी है. बच्चे भागते. आज गोद में हैं, कल चलने लगते."

दुसऱ्या दिवसापासून ती रजेवर. रोज सकाळी खिडकीवर जाऊन चिकलठाण्याचं तिकीट काढायची, पुढचंच स्टेशन, सगळ्यांत स्वस्त. बदली आलेल्या आयेसमोर ते नाचवायची आणि मुसाफिर म्हणून बाकावर बसायची. आणि मुसाफिर म्हणजे काय मुसाफिर! माठात पाणी का नाही, कोपऱ्यात जाळी का, पडदा मळलाय कधी धुणार. त्या बदलीवाल्या आयेला तिनं रडवलं. छताच्या आकड्यांना हात लावला नाही. साहेबांनी सांगितलं ते सांगितलं. झोळ्या सागवानी टेबलाच्या दांड्यांना खालून बांधल्या, जमिनीपासून वीतभर वर, आणि दोरी अंगठ्याला. संध्याकाळी चिकलठाण्याची गाडी तिच्या डोळ्यांसमोरून जायची. ती बसायची नाही. तिकिटाचा जाड पुठ्ठा असायचा, तो दात येणाऱ्या पोरांना चघळायला द्यायची. तिची साठवलेली रजा आमच्या पोरांनी अशी चघळून संपवली.

शाळांना सुट्ट्या लागल्या, मी कायम झाले. जूनमध्ये सुगराबी कामावर परतली. ते साहेब बदलून गेले होते, रावमास्तरांनी आकडे नवे बसवून घेतले, आणि दोरी पुन्हा व्हरांड्यात आली. रजा पुन्हा शून्यापासून साठवायला लागली. आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता पाकिस्तानशी लढाई पेटली. कराचीची वाट बंद झाली.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडीतून उतरलो, पण आत जायला पाय उचलेना. शेवटी मीच पुढं झाले. काय बोलणार होते कुणास ठाऊक, "सुगराबी, आमच्यापायी" एवढं तोंडातून निघालं. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "पैले जालना कू देख, बाई. गीली है," म्हणाली आणि शैलाला माझ्या हातात दिलं. पुन्हा तो विषय तिनं कधीही काढला नाही. मी खूप माणसं बघितली. कुणासाठी एक दिवस खर्च केला तर वर्षभर ऐकवणारी बघितली. या बाईनं आपली बहीण आमच्यासाठी लांबणीवर टाकली, आणि तिच्या बोलण्यात, बघण्यात, हातात पोर देण्यात त्याचा ओरखडासुद्धा कधी दिसला नाही. मला अजून कळत नाही, ते तिला कसं जमलं. हिमरूची शाल दरवर्षी कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. आम्हाला दाखवायची मात्र बंद केली.

पोरं खरंच पळाली. शाळेत गेली, उंच झाली. पुढं बायका बसनं जायला लागल्या. सुगराबी निवृत्त झाली, आकडे रिकामे झाले. मी जालन्यालाच होते आणि पॅसेंजरनंच जायचे, सवय म्हणून म्हणा.

कराचीची वाट पुन्हा उघडली होती, हे मी पेपरात वाचलं होतं, पण ते सुगराबीशी जोडून बघितलं नव्हतं. एक दिवस संध्याकाळी गाडीतून उतरले तर शैला मला न्यायला सायकल घेऊन आलेली, आणि तिच्या शेजारी दगडू, आता पिकलेला. तो म्हणाला, बाई, आत जाऊन बघा, सकाळपासून येऊन बसलीय. जेवली न्हाय, पाणी न्हाय.

जनाना वेटिंग रूममध्ये, त्याच टेबलाजवळच्या बाकावर सुगराबी बसलेली. इस्त्रीचं लुगडं, डोळ्यांत सुरमा, मांडीवर ती शाल. तिची बहीण येत होती. मुंबईपर्यंत आलेली, मनमाडला गाडी बदलून पोचणार होती. सुगराबीला तिकडं जाता आलं नव्हतं, तर म्हातारपणी थोरलीच निघाली होती. मनमाडची गाडी लेट होती. नेहमीचंच ते. पण सुगराबी दर थोड्या वेळानं उठायची, पडद्यापर्यंत जायची, परत येऊन बसायची. ज्या बाईच्या खाकरण्यानं फौजदार थांबायचा, ती मांडीवरच्या शालीची घडी पुन्हापुन्हा सारखी करत होती.

मी शेजारी बसले. ती मला म्हणाली, "बाई, एक बात बोल. वो इत्ते इत्ते बच्चे पूरा दिन कैसे रुकते थे? मेरेसे तो नै होरा."

उत्तर शैलानं दिलं. ती तिच्या पायाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तू दोरी ओढायचीस ना, बी." आणि तिचा पाय मांडीवर घेऊन हल्लू हल्लू चेपत बसली.

दिवे लागले तेव्हा गाडी आली. डबे सरकत गेले, सुगराबी प्रत्येक खिडकीत बघत चाललेली, आम्ही मागं. बायकांच्या डब्यातून दगडूनं हात देऊन एका म्हातारीला उतरवलं. एवढीशी, वाकलेली, बुरख्याचा पडदा डोक्यावर टाकलेला, जाड भिंगांचा चष्मा. ती फलाटावर उभी राहून माणसांकडं बघायला लागली. सुगराबी तिच्यासमोर, हातभर अंतरावर. गर्दी दोघींना धक्के देत जात होती. मला वाटलं, आता हिनं नाही ओळखलं तर काय करायचं.

म्हातारीनं चष्मा सारखा केला. तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि रागावल्यासारखी म्हणाली, "छोटी, खाना खाई की नै?"

सुगराबीनं शाल उघडली नाही, मिठी मारली नाही. आम्ही संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर आमची पोरं झोळीतून हात काढून जसा आमचा पदर मुठीत धरायची, तसं तिनं बहिणीच्या बुरख्याचं टोक मुठीत धरलं. "नै," म्हणाली.

मग त्या दोघी फलाटावरून बाहेरच्या टांग्यांकडं चालत गेल्या, थोरली पुढं आणि सुगराबी मागं, टोक न सोडता. सुगराबीला मी त्यानंतर बघितलं नाही. पुढच्याच वर्षी ती वारली, असं दगडूनं सांगितलं. बहीण तोपर्यंत इथंच होती म्हणे. त्या संध्याकाळी मी शैलाला म्हटलं, चल, उशीर झाला. ती म्हणाली, थांब ना आई, त्या बाहेर जाईपर्यंत थांबू. आम्ही थांबलो.